गुलाबाच्या पानांतील विकृतींचे निदान

गुलाबाच्या पानांतील विकृतींचे निदान म्हणजे बागेतील गुलाबाच्या पानांचा रंग, आकार अथवा वाढ नेहमीपेक्षा वेगळी दिसू लागल्यास त्यामागील कारण निश्चित करण्याची प्रक्रिया होय. अशा बदलांमागे बुरशी, कीटक, कोळी, विषाणू, अन्नद्रव्यांची कमतरता, मुळांभोवती साचलेले पाणी, तणनाशकाचा अंश किंवा कलमाच्या खुंटातून निघालेला फुटवा यांपैकी कोणतेही कारण असू शकते. काही वेळा तो बदल रोग नसून झाडाच्या सामान्य वाढीचाच भाग असतो.

एकच लक्षण अनेकदा परस्परविरुद्ध कारणांतून उद्भवते. पाणी कमी पडले तरी पान पिवळे होते आणि जास्त झाले तरीही पिवळेच होते. म्हणून लक्षणाच्या नावावरून कारण ठरविता येत नाही. ते झाडाच्या कोणत्या भागावर, कोणत्या मांडणीत आणि वर्षाच्या कोणत्या काळात दिसते, यांवरून ठरवावे लागते. चुकीच्या निदानाचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. निरोगी झाड उपटून टाकले जाते किंवा बुरशी नसताना बुरशीनाशक फवारले जाते. कोकणातील घरांत परसातील गुलाबाची फुले देवपूजेला, केसांत माळायला आणि गुलकंदासाठीही वापरली जात असल्याने अनावश्यक फवारणीचा अंश थेट घरात येतो.

या लेखात सामान्य माहितीबरोबर रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर तालुक्यांची परिस्थिती विशेषत्वाने विचारात घेतली आहे. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावांत गुलाब हे शेतातील पीक नसून अंगणातील, परसातील किंवा कुंडीतील झाड आहे. अतिपाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी माती यांमुळे येथील लक्षणे घाटमाथ्यावरील लक्षणांपेक्षा बरीच वेगळी असतात.

निरोगी पानाची ओळख

विकृती ओळखण्यासाठी आधी निरोगी पान माहीत असावे लागते. गुलाबाचे पान संयुक्त असते. एका देठावर बहुधा पाच किंवा सात पर्णिका असतात. फुलाच्या लगत खाली येणाऱ्या पानांना मात्र तीनच पर्णिका असू शकतात. देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली पातळ उपपर्णे असतात. या उपपर्णांकडे सहसा कोणी पाहत नाही, परंतु खुंटाचा फुटवा ओळखताना तीच सर्वाधिक उपयोगी पडतात.

अनेक जातींची कोवळी पालवी तांबूस, किरमिजी किंवा जांभळट असते. अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे हा रंग येतो आणि पान जून होत जाते तसा तो ओसरून हिरवा होतो. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटणी केली की काही दिवसांतच संपूर्ण झाड लाल फुटव्यांनी भरून जाते. हा रोग नव्हे. पान मोठे झाल्यावरही लाली टिकून राहिली आणि तिच्या जोडीला दुसरे एखादे लक्षण दिसले, तरच संशय घ्यावा. त्याचप्रमाणे फांदीच्या तळाची एक-दोन जुनी पाने अधूनमधून पिवळी होऊन गळणे स्वाभाविक असते.

निदानाची पद्धत

निरीक्षणाचा पहिला प्रश्न जागेचा असतो. बदल जुन्या, खालच्या पानांवर आहे की शेंड्याकडील नव्या पानांवर? नत्र, मॅग्नेशियम व पालाश ही अन्नद्रव्ये वनस्पतीच्या शरीरात हलू शकतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, त्यामुळे लक्षण खाली दिसते. लोह जवळजवळ हलत नाही, म्हणून त्याचा तुटवडा शेंड्याला दिसतो. एवढ्या एका फरकावरून निम्म्या शक्यता बाद होतात.

दुसरा प्रश्न मांडणीचा. अन्नद्रव्यांची कमतरता पानाच्या दोन्ही बाजूंवर सारखी दिसते आणि एकाच वयाच्या सर्व पानांवर जवळपास एकाच वेळी येते. बुरशीचे ठिपके विखुरलेले, लहानमोठे व वेगवेगळ्या वयाचे असतात. एकाच फांदीवर बदल असून उरलेले झाड निरोगी असेल तर त्या फांदीची इजा, शेंडेमर किंवा खुंटाचा फुटवा यांचा विचार करावा. गुलाबाबरोबर शेजारची जास्वंद, मिरची आणि टोमॅटोही वेडीवाकडी झाली असतील तर गुलाबाचा खास रोग शोधण्यात अर्थ नसतो. तेथे तणनाशकाचा संशय प्रथम येतो.

तिसरा प्रश्न काळाचा. लक्षण एका रात्रीत आले की हळूहळू पसरत गेले, त्यापूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत पाऊस, खत, फवारणी, कुंडीबदल किंवा बांधकाम काय झाले, हे आठवणे आवश्यक असते. मुळांना झालेली इजा पानावर उमटायला वेळ लागतो आणि तोवर मूळ घटना विसरली जाते.

बोटाने पुसून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय. काळा थर ओल्या बोटाने पुसला गेला तर ती काजळी असते; मावा किंवा खवले कीड यांच्या चिकट गोड स्रावावर ती वाढते आणि उपाय त्या किडीवर करावा लागतो. काळा डाग पुसला न गेल्यास तो पानाच्या पेशींतील रोगाचा असतो. पांढरी पूड बोटाला लागून खाली हिरवे पान दिसले तर भुरी किंवा फवारणीचा साका असू शकतो. भुरीखालचे कोवळे पान मात्र सहसा वळलेले असते. कोळी पाहण्यासाठी पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. पडलेले ठिपके हळूहळू चालू लागले तर निदान झाले. साधे दहापट भिंग असल्यास पानाची खालची बाजू पाहणे सोपे जाते. खालची बाजू न पाहता केलेले निदान बहुधा फसते.

पान पिवळे पडणे

जुनी पाने शिरांसह एकसारखी फिकट पिवळी होऊन नवी वाढ बारीक राहिली असेल तर नत्राची कमतरता संभवते. जुन्या पानांत शिरांलगतचा भाग हिरवा राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियमची. महाड परिसरात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एवढ्या पाण्याने जांभ्याच्या मातीतील नत्र, पालाश, कॅल्शियम व मॅग्नेशियम धुपून जातात. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस फिकट झालेला गुलाब येथे अनेकदा रोगी नसून उपाशी असतो. छाटणीच्या वेळी चांगले कुजलेले शेणखत आणि मातीपरीक्षणानुसार मॅग्नेशियम सल्फेट दिल्यास नवी पालवी हिरवी येते. पूर्ण पिवळी झालेली जुनी पाने मात्र बहुधा पुन्हा हिरवी होत नाहीत. उपायाचे फळ नव्या पानांवर पाहावे, जुन्यांवर नव्हे.

शेंड्याची नवी पाने पिवळी किंवा जवळजवळ पांढुरकी आणि शिरांचे जाळे मात्र स्पष्ट हिरवे, हे लोहाच्या कमतरतेचे ठळक चित्र आहे. घाटमाथ्यावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते नेहमी आढळते, कारण मातीचा सामू वाढला की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. गुलाबाला साधारण ६ ते ७ सामू मानवतो. कोकणातील जांभ्याच्या मातीत लोह विपुल असते. मातीचा तांबडा रंगच त्याचा असतो. मग तुडीलच्या अंगणात हे चित्र का दिसावे? बहुधा कारण मातीत नसून मुळांत किंवा मुळांच्या अगदी जवळ असते. घराच्या पायथ्याशी गाडला गेलेला चुना-सिमेंटचा राडारोडा, कुंडीला सतत दिलेले कूपनलिकेचे जड पाणी, पाणी साचून निकामी झालेली बारीक मुळे ही त्यांतील नेहमीची कारणे होत. खात्री करण्यासाठी एकाच फांदीवर चिलेटेड लोहाची सौम्य फवारणी करून एक-दोन आठवडे वाट पाहता येते. ती फांदी हिरवी झाली आणि बाकीच्या तशाच राहिल्या तर निदान बरोबर ठरते. आधी संपूर्ण झाडाला अनेक खते एकदम दिली की ही चाचणी कायमची हातची जाते.

पाणी साचण्याचे लक्षण फसवे असते. मुळांना ऑक्सिजन न मिळाल्याने ती पाणी शोषू शकत नाहीत आणि झाड तहानलेले दिसते. पाहणारा अधिक पाणी घालतो. माती ओली असूनही पाने मलूल आणि खालून वर पिवळी पडत जाणारी, ही जोडी दिसली की पाणी थांबवून निचरा तपासावा. रोपवाटिकेतून आणलेल्या कलमाच्या मुळांभोवती अनेकदा चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच लावला तर बाहेरची सैल माती ओली आणि गोळा आतून कोरडा, किंवा पावसात याच्या उलट, अशी स्थिती होते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर व परिसर पाण्याखाली गेला होता. अशा पुरानंतर अंगणात बारीक गाळाचा थर बसतो आणि खालच्या मातीत हवा जाणे बंद होते. पूर ओसरल्यावर हिरवे दिसणारे झाड पुढे कित्येक दिवसांनी पाने टाकू लागते तेव्हा ते रोगाने नव्हे, मुळे गुदमरल्याने. गाळ खरवडून कलमाचा सांधा उघडा करणे हाच तेथे पहिला उपाय असतो.

पानांच्या कडा तपकिरी होऊन करपणे हे पालाशाच्या कमतरतेचे लक्षण म्हणून सांगितले जाते, परंतु कुंडीतील झाडात खताचा अतिरेक झाल्यानेही कडा तशाच करपतात. कुंडीच्या काठावर पांढरे क्षार जमलेले दिसल्यास दुसरे कारण अधिक संभवते.

ठिपके आणि थर

कोकणातील गुलाबाचा सर्वांत नेहमीचा रोग काळे ठिपके हा होय. तो डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीमुळे होतो. पानाच्या वरच्या बाजूस गोलसर, जांभळट काळे डाग पडतात. त्यांची कडा गुळगुळीत नसून पिसासारखी झालरदार असते आणि हीच त्याची खूण. डागाभोवतीचा भाग पिवळा पडतो व पान गळते. रोग खालच्या पानांपासून वर चढतो. तीव्र प्रादुर्भावात ऑगस्टमध्ये झाडावर केवळ शेंड्याची पाने उरतात.

या बुरशीचे बीजाणू वाऱ्याने फारसे उडत नाहीत. पावसाच्या किंवा पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर ते पानावर पोहोचतात. लागण होण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते आणि त्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत डाग दिसू लागतात. महाडच्या पावसाळ्यात पान सात तास कोरडे राहणे हीच दुर्मीळ गोष्ट असल्याने, रोग आला की नाही यापेक्षा तो किती वर चढला हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. गळलेली पाने उचलून नष्ट करणे, जमिनीलगतच्या फांद्या काढणे, झाडांत अंतर ठेवणे, पन्हाळीचे पाणी झाडावर पडू न देणे आणि कुंड्या पागोळीच्या आत सरकविणे यांचा उपयोग येथे फवारणीइतकाच होतो. बुरशीनाशक निरोगी पानाचे रक्षण करते. डाग पडलेले पान ते पूर्ववत करीत नाही. पावसाळा सुरू होण्यापूर्वी न करता डाग दिसल्यावर केलेली फवारणी म्हणूनच निष्फळ वाटते, आणि मुसळधार पावसात ती टिकतही नाही.

सर्कोस्पोरा गटातील बुरशीचे ठिपके उष्ण व दमट हवेत आढळतात आणि काळ्या ठिपक्यांशी त्यांची गल्लत होते. हे ठिपके लहान असून मध्यभागी राखाडी किंवा फिकट तपकिरी व भोवती जांभळी कडा असते. कडेला झालर नसते. दोन्हींवरील स्वच्छतेचे उपाय सारखेच असल्याने घरच्या बागेत या गल्लतीने फारसे बिघडत नाही.

केवडा या रोगात मात्र चूक महागात पडते. पेरोनोस्पोरा स्पार्सा या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या या रोगाचे डाग शिरांच्या मर्यादेत अडकलेले, कोनीय आणि जांभळट लाल असतात. पाने काही दिवसांतच भराभर गळतात. थंड व अतिदमट हवा त्याला पोषक असते. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील मावळ भागात हरितगृहांत घेतल्या जाणाऱ्या गुलाबात त्याची जशी धास्ती असते तशी कोकणातील उघड्या अंगणात नसते. प्रयोगशाळेत तपासणी न करता काळ्या ठिपक्यांनाच केवडा समजून महागडी औषधे आणली जातात, असा प्रकार अधिक घडतो.

भुरी हा कोरड्या ऋतूचा रोग आहे. पोडोस्फेरा पॅनोसा या बुरशीची पांढरी पूड कोवळी पाने, कळ्यांचे देठ व काट्यांलगत दिसते. पान वर वळते, चुरगळते आणि काही जातींत लालसर होते. इतर बहुतेक बुरशींच्या उलट, पानावर साचलेले पाणी हिच्या बीजाणूंना मानवत नाही. तिला दमट रात्री आणि कोरडे, उबदार दिवस हवे असतात. पोलादपूरकडील डोंगरपायथ्याला डिसेंबर ते फेब्रुवारीत अशी हवा मिळते. भुरीवर गंधकाचा वापर फार जुना आहे, परंतु कडक उन्हात गंधकाने पाने भाजतात व तो डाग नवा रोग समजला जातो. तांबेरा, म्हणजे पानाखाली उठणारे नारिंगी फोड, हा थंड हवेतील रोग असून उष्ण किनारपट्टीत त्याचे निदान करण्यापूर्वी दुसऱ्यांदा पाहणे इष्ट.

छाटलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत जाणे यास शेंडेमर म्हणतात. त्या फांदीची पाने पिवळी पडून लोंबतात, म्हणून तक्रार पानांची केली जाते. पण दोष फांदीत असतो. निरोगी भागापर्यंत खाली छाटून कापावर बोर्डो पेस्ट लावतात.

वेडीवाकडी वाढ

पानाचा रंग बिघडण्यापेक्षा आकार बिघडलेला पाहून माणसे अधिक घाबरतात. येथे चार-पाच कारणांची लक्षणे एकमेकांच्या इतकी जवळ येतात की घाईने दिलेले नाव बहुधा चुकीचे ठरते.

सर्वांत सामान्य कारण फुलकिडे हे आहे. मिरचीवरील फुलकिडा म्हणून परिचित असलेला सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस गुलाबाची कोवळी पालवी खरवडून रस शोषतो. नवी पाने लहान, वळलेली, कडांशी तपकिरी व चकाकणारी होतात आणि कळ्या पूर्ण उमलत नाहीत. कीड इतकी बारीक असते की पान उलटूनही ती सहज दिसत नाही. कागदावर शेंडा झटकणे हाच मार्ग. मार्च ते मे या काळात लाल कोळ्यांचा उपद्रव वाढतो. ते पान वाकडे करीत नाहीत. वरच्या बाजूस असंख्य फिकट टिंबे, मग तांबूस कळा आणि खाली बारीक जाळे, असा त्यांचा क्रम असतो. धूळ व कोरडी हवा त्यांना मानवते, म्हणून पानांची खालची बाजू पाण्याने धुणे हा उन्हाळ्यात प्रभावी उपाय ठरतो. सरसकट कीटकनाशक फवारल्यास कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळ्यांची संख्या उलट वाढते.

तणनाशकाची इजा हे दुर्लक्षित राहणारे कारण. २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवर वापरले जाणारे रसायन भातशेतीतही वापरतात. त्याचा तुषार किंवा वाफ वाऱ्याने आली तर गुलाबाचे देठ पिळवटतात, पर्णिका वाटीसारख्या किंवा पंख्यासारख्या होतात व शिरा ताणून समांतर झाल्यासारख्या दिसतात. ग्लायफोसेटचा परिणाम उशिरा दिसतो. त्याचा अंश झाडात साठून राहतो आणि पुढच्या फुटीच्या वेळी एकाच डोळ्यातून अरुंद, फितीसारख्या, पिवळट पानांचे झुपके निघतात. बांधावर औषध मारल्याला तोवर कित्येक आठवडे किंवा महिने झालेले असतात व दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. तणनाशकासाठी वापरलेल्या पंपातूनच नंतर बुरशीनाशक फवारणे हाही याच इजेचा एक नेहमीचा मार्ग आहे. तेथे इजा वाऱ्याच्या दिशेने न दिसता फवारलेल्या प्रत्येक झाडावर दिसते. यावर औषध नाही. मात्रा थोडी असल्यास बाधित फांद्या छाटून, पाणी व वेळ दिल्यास झाड पुढील एक-दोन फुटींत सावरते.

ग्लायफोसेटच्या याच झुपक्यांची गल्लत रोझ रोझेट या विषाणुजन्य रोगाशी होते, आणि ही गल्लत झाडाच्या जीवावर बेतणारी आहे, कारण रोझेटवर उपाय नसल्याने झाड मुळासकट काढावे लागते. हा रोग प्रथम १९४०च्या सुमारास कॅनडा व अमेरिकेत नोंदला गेला. त्यामागील विषाणू मात्र २०११ साली ओळखला गेला. फायलोकॉप्टीस फ्रुक्टिफिलस हा डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कोळी त्याचा प्रसार करतो. भारतात उत्तर बंगालमधील बागांतील गुलाबांवर हा विषाणू आढळल्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर आंतरजालावरील छायाचित्रांशी तुलना करून कोणत्याही लाल फुटव्याला रोझेट ठरविणे सोपे झाले आहे. प्रत्यक्षात एकट्या लालीवरून हे निदान होत नाही. जून झाल्यावरही न जाणारी लाली, फांदीवर नेहमीपेक्षा कितीतरी दाट व मऊ काटे, खालच्या जुन्या फांदीपेक्षा जाड नवा फुटवा आणि केरसुणीसारखा झुपका, ही लक्षणे एकत्र दिसावी लागतात. तणनाशकाच्या इजेत काटे असे दाटत नाहीत आणि पुढची फूट सुधारत जाते. रोझेटमध्ये प्रत्येक फूट आधीपेक्षा वाईट येते. शंका असल्यास फांदी छाटून, झाड इतरांपासून वेगळे ठेवून पुढच्या फुटीची वाट पाहणे आणि खात्रीसाठी प्रयोगशाळेतील तपासणी करून घेणे योग्य. कुंडीतील झाड वेगळे ठेवणे सोपे असते. अंगणातील झाडाभोवती निदान त्याच कात्रीने दुसरी झाडे छाटू नयेत.

खुंटाचा फुटवा हे वेगळ्या वाढीचे निरुपद्रवी वाटणारे, पण कालांतराने झाड गिळणारे कारण होय. बाजारातील बहुतेक गुलाब जंगली किंवा काटक जातीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेले असतात. भारतात यासाठी मल्टिफ्लोरा, इंडिका ओडोराटा, एडवर्ड यांसारखे खुंट वापरतात. सांध्याच्या खालून फुटवा आला तर त्याची पाने बारीक, फिकट हिरवी व वेगळ्या पोताची दिसतात आणि तो इतर फांद्यांच्या मानाने झपाट्याने वाढतो. सात पर्णिका असल्या की खुंट, असा समज रूढ आहे. परंतु कलमी जातींनाही सात पर्णिका असू शकत असल्याने तो विश्वसनीय नाही. मल्टिफ्लोराची उपपर्णे कंगव्याच्या दातांसारखी झालरदार असतात, ही खूण अधिक खात्रीची. अंतिम निर्णय माती बाजूला सारून, फुटवा सांध्याच्या वर आहे की खाली हे पाहूनच करावा. खालचा फुटवा जमिनीच्या पातळीवर कापल्यास दुपटीने फुटतो; तो उगमापासून ओढून काढावा लागतो. ‘लाल गुलाब लावला होता, आता बारीक पांढरी फुले येतात’ ही तक्रार याच दुर्लक्षातून येते. मूळ गुलाब बदललेला नसतो, तो मेलेला असतो.

विषाणुजन्य चित्रविचित्र रंग

पानावर पिवळ्या नागमोडी रेषा, वर्तुळे किंवा जाळीदार पट्टे उमटणे हे गुलाबाच्या मोझेक रोगाचे लक्षण आहे. प्रूनस नेक्रॉटिक रिंगस्पॉट या विषाणूशी त्याचा संबंध असून रोग मुख्यतः बाधित डोळा किंवा खुंट वापरल्याने पसरतो. रेषा वसंतातील फुटीत ठळक दिसून नंतर नाहीशा होऊ शकतात. त्यामुळे औषधाने रोग बरा झाला असा भ्रम होतो. असे झाड अनेक वर्षे फुले देते, फक्त जोम कमी राहतो. त्याचे कलम मात्र करू नये.

निरुपद्रवी बदल

पानाच्या कडेला सुबक अर्धवर्तुळाकार तुकडा कापलेला दिसला तर ते पानकापी माशीचे काम असते. ही एकाकी राहणारी मधमाशी तुकड्यांचे घरट्यात अस्तर करते. ती पान खात नाही आणि परागीभवनास उपकारक असल्याने तिच्यावर फवारणी करणे अनुचित आहे. पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघणारे भुंगेरे रात्री पाने कुरतडतात तेव्हा कडा वेड्यावाकड्या राहतात; दिवा घेऊन रात्री पाहिल्यास ते वेचता येतात.

फुलाच्या मध्यातून पानांचा झुपका किंवा दुसरी कळी निघणे कधी कधी एखाद्या फुलापुरते घडते. कळी बनत असतानाच्या तापमानातील चढउतारामुळे ते होऊ शकते. तेच चित्र प्रत्येक फुलावर, प्रत्येक बहरात दिसू लागल्यास फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवाचा विचार करावा लागतो. चिनी गुलाबाच्या ‘हिरवा गुलाब’ या प्रकारात तर सर्व पाकळ्यांच्या जागी हिरवी पर्णसदृश दलेच असतात, आणि तो रोगी नसून हौसेने जपला जातो.

नमुना आणि तपासणी

निरीक्षणाने निर्णय होत नसेल तेव्हा नमुना तज्ज्ञांना दाखविला जातो. रायगड जिल्हा दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले असून जिल्ह्यात किल्ला-रोहा येथे त्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

पूर्ण वाळलेले पान तपासणीस निरुपयोगी असते. ज्या फांदीवर निरोगी, नुकतेच बाधित आणि अधिक बाधित अशी तिन्ही प्रकारची पाने आहेत ती फांदी घ्यावी. ओल्या प्लास्टिक पिशवीत पान एका दिवसात सडते व त्यावर दुसऱ्याच बुरशी वाढतात, म्हणून ती कोरड्या कागदात गुंडाळावी. संपूर्ण झाडाचे, शेजारच्या झाडांचे आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, लक्षण प्रथम दिसल्याची तारीख आणि मागील दोन महिन्यांत दिलेल्या खतांची व फवारण्यांची यादी सोबत द्यावी. पिवळेपणाच्या तक्रारीत पानापेक्षा मुळांजवळची माती अधिक बोलकी असते; ती वरच्या थरातून न घेता साधारण वीतभर खोलीवरून, झाडाभोवती तीन-चार ठिकाणांहून घेऊन एकत्र करतात. नमुना घेण्यापूर्वी नुकतेच खत दिलेले असल्यास मातीपरीक्षणाचा निष्कर्ष दिशाभूल करतो.